रणजीतचा हर्निया आणि पुतण्याचं बारसं

महाळुंग्याच्या रणजीतला हर्निया झाला यात नवल काही नव्हतं. कंपनीत जड पेट्या उचलणारा गडी; जांघेत गाठ आली, ऑपरेशन ठरलं. नवल पुढंच. त्या गाठीत डॉक्टर सुखदाबाईंना चक्क छोटंसं गर्भाशय सापडलं. आता बोला! मिशीला पीळ देणाऱ्या रणजीतच्या पोटात!

"घाबरू नका, तुम्ही पुरुषच आहात," बाई म्हणाल्या. "आईच्या पोटात असतानाच हा अवयव विरून जायचा असतो. तुमचा राहिला. फार क्वचित होतं असं. काढलाय तो." मग आणखी तपासण्या झाल्या आणि कळलं, की इतकी वर्षं मूल होत नव्हतं तेही यामुळंच.

रणजीतला मागचं सगळं आठवलं. सुया टोचून घेतल्या त्या बायकोनं, तनुजानं. उपास केले तेही तिनंच. याला तपासायचं कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आणि त्याची आई छबूबाई सुनेला कुणाच्या पाळण्याजवळ फिरकू देत नव्हती.

"कुणाला सांगू नका हां," तनुजा म्हणाली. "लोकं हसतील तुम्हाला."

त्यानं तिचं ऐकलं. मग धाकट्या भावाच्या पोराचं बारसं आलं. पाळण्याच्या दोन्ही अंगांना बायका उभ्या राहिल्या. 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' म्हणत बाळ पाळण्याखालून या हातातून त्या हातात जाऊ लागलं. तनुजा हौसेनं पुढं सरकली.

"तू न्हाई," छबूबाई म्हणाली. "तू घुगऱ्यांकडं बघ."

दारात उभ्या रणजीतच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो थेट बायकांच्या घोळक्यात शिरला.

"आई, खोट तिच्यात न्हाई, माझ्यात हाय. जन्मापासनं माझ्या पोटात गर्भाशय व्हतं. आता काढलंय. कुणाला हसायचंय त्यानं हसा!"

कुणी हसलं नाही. शेजारची सोजरबाई तेवढी "अगं बाई!" म्हणाली आणि बाळ छातीशी धरून तशीच उभी राहिली.

छबूबाई लेकाकडं बघतच राहिली. "माझ्याच पोटातनं आलास की रं तू," ती म्हणाली. "आन् मी बोलत व्हते कुणाला?"

तिनं डोळ्यांना पदर लावला. सोजरबाईच्या हातून बाळ घेतलं आणि घुगऱ्यांचं पातेलं धरून उभ्या असलेल्या सुनेला हाक मारली.

"ठिव ते खाली. हात पूस. गोविंद घे, तनुजा."

तनुजाला रडू आवरेना. तिनं बाळ घेतलं, उगीच थोडा वेळ जास्तच धरलं. मग पाळण्याखालून ते सासूच्याच हातात दिलं.

"गोपाळ घ्या, आत्याबाई."