तुरीच्या राशीखालचा बर्फ

परवा वरोऱ्याच्या पुढे एका शेतात दुपारभर तूर उफणली… आणि माझ्या पीएचडीचं एक प्रकरण वाचलं. कसं, ते सांगते.

मी चंद्रपूरला कॉलेजात भूशास्त्र शिकवते. आपल्या या भट्टीसारख्या जिल्ह्यात कोट्यवधी वर्षांपूर्वी बर्फाच्या नद्या होत्या, त्यावर माझं काम आहे. मे महिन्यात हे कुणाला सांगितलं की तो आधी माझ्याकडे बघतो, मग कूलरकडे.

बर्फ गेला, पण त्याच्या तळाशी अडकलेले गोटे खालच्या चुनखडीवर घासत गेले आणि रेघा राहिल्या. जाड, सरळ रेघा मोठ्या बर्फाच्या. पुढे तो पातळ झाला, मागे हटू लागला, तेव्हा उतार बघून वळला असणार… त्या वळणाच्या रेघा बारीक, जाड रेघांना कापून जाणाऱ्या.

"असणार" हा शब्द माझा. माझ्या गाईड सरांना तो अजिबात चालत नाही. नाल्याकाठच्या उघड्या दगडांवरच्या बारीक रेघा पावसानं केव्हाच पुसून टाकल्यात, त्यामुळे पुरावा शून्य. सरांनी सरळ सांगितलं होतं, एक जागा डोळ्यांनी दाखव, नाहीतर बर्फ ओसरल्याचं प्रकरण काढून टाक. आणि सर पुढच्या आठवड्यात लेकीकडे परदेशी चाललेत, सहा महिन्यांसाठी… तोवर माझी सबमिशनची मुदत संपते.

आशा होती ती सुमनबाईंच्या खळ्यावर. साठीच्या असतील, मुलगा-सुनेसोबत शेती करतात. पावसाळ्यात त्यांच्या खळ्याच्या कडेला सारवण निघालं होतं, खाली हातभर चुनखडी दिसत होती आणि तिच्यावर दोन बारीक रेघा! तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "पाहा ना कधीबी. खळं कुठी पळून राह्यलं?"

म्हणून परवा सरांना नागपूरहून बोलावलं. ब्रश, पाण्याचे कॅन, कंपास, सगळा लवाजमा घेऊन थाटात पोचलो… तर खळं कडेपर्यंत नव्यानं सारवलेलं आणि वर तुरीची ही मोठी रास!

कोट्यवधी वर्षांपूर्वी काय झालं ते आम्हाला विचारा, घडाघडा सांगू. जानेवारीत तूर खळ्यावर असते, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. वर मी बूट घालूनच खळ्यावर चढले. सूनबाई धावत आल्या, "मॅडम, चपला-बूट नाई चालत इथी!"

मी ओशाळून खाली उतरले. मग हळूच विचारलं, रास थोडी बाजूला करून एक कोपरा धुतला तर?

सुमनबाईंनी मान हलवली. "रास लागली का खळ्याले पाणी नाई लावत. ते उठू द्या, मंग पाहा. उद्या उठते."

उद्या… सरांची गाडी संध्याकाळची होती आणि परदेशी जायच्या आधी पुन्हा येणं त्यांना जमणार नव्हतं. सरांनी घड्याळ पाहिलं. मी बांधावर बसले आणि खरं सांगते, डोळे भरून आले. चार वर्षांचं काम आणि मधे तुरीचा ढीग. राग तरी कुणावर काढणार?

बाईंनी विचारलं काय झालं. मी सगळं सांगितलं. त्यांनी एकदा राशीकडे बघितलं, वाऱ्याचा अंदाज घेतला आणि म्हणाल्या, "मंग बसून काऊन राह्यल्या? सूप घ्या!"

आणि आम्ही कामाला लागलो. बाई आणि सूनबाई सुपानं उफणतायत, मुलगा पोती भरतोय, मी भुसा ओढतेय. आमचे सर, ज्यांच्यासमोर विद्यार्थी मोठ्यानं खोकत नाहीत, ते पोत्याचं तोंड धरून उभे! मधेच वारा पडला की सगळेच हताश, वारा सुटला की पुन्हा धांदल. माझ्या नाकातोंडात इतका भुसा गेला की अजून शिंका येतायत.

शेवटी राशीला हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लागली आणि शेवटचं पोतं उचललं. मग बाईंनीच ओलं बारदान टाकून एक कोपरा भिजवला, सारवण मऊ झाल्यावर हातानं अलगद काढलं. थरावर थर. त्यांच्या सासऱ्यांनी मुरूम उकरताना हा सपाट दगड लागला, त्याच साली त्यावर खळं केलं आणि तेव्हापासून दरवर्षी शेणामातीचा नवा हात. कडेची ती हातभर जागा सोडली, तर या दगडानं पाऊस कधी पाहिलाच नव्हता.

पाणी ओतलं… आणि खाली जाड रेघा. त्यांना तिरप्या कापत गेलेल्या बारीक रेघा. एक-दोन नाही, अख्खा कोपरा भरून.

सर गुडघ्यावर बसले. भिंग लावलं, बोट फिरवलं, कंपास ठेवला. मग म्हणाले, "वळलाय गं… खरंच वळलाय." मी तिथेच रडले, भुशासकट.

सुमनबाई वाकून बघत होत्या. "गेला कुठी मंग थो बर्फ?" सरांनी नाल्याच्या दिशेला हात दाखवला. बाई त्या बाजूला बघून हसल्या, "म्हणजे आमच्याच वावरातून गेला!" आणि शेणकाल्याची बादली माझ्यापुढे ठेवली. "पाहून झालं ना? आता बुजवून द्या. अजून हरभरा यायचा हाय."

आयुष्यात पहिल्यांदा सारवलं. ओबडधोबडच झालं, सूनबाईंनी पुन्हा हात फिरवला. सरांची गाडी अगदी थोडक्यात मिळाली.

प्रकरण राहिलं, याचा आनंद आहेच. पण परवापासून मनात एकच येतं… त्या बर्फाशी या घराचं काय देणंघेणं होतं? उद्या उठायची रास त्यांनी आज उचलली, कारण बांधावर बसून कुणीतरी रडत होतं. सुमनबाई, तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू, मला खरंच कळत नाही… हरभरा काढायला मात्र मी येणार आहे, आणि बूट घरी ठेवून येणार आहे.