एका कवळीचे दोन मालक

बसडेपोत हरवल्या-सापडल्या वस्तूंची खोली सांभाळणाऱ्या कारकुनाला सगळे तर्कटराव म्हणत. खोली कसली, मोठं फडताळच ते. बेवारशी छत्र्या, एकेकट्या चपला आणि एक रिकामा पिंजरा. तर्कटरावांना नाद एकच, रविवारच्या पुरवणीतल्या कोड्यांचा. दोन माणसं, एक कायम खरं बोलणारा, दुसरा कायम खोटं. एकच प्रश्न विचारायचा आणि कोण कुठला ते ओळखायचं. एकवीस वर्षं ही कोडी सोडवून त्यांची खात्रीच पटली होती, की जगातला प्रत्येक माणूस यातल्या एका खणात बसतो.

घरीही तेच. जेवताना ते बायकोला विचारत, "भाजीत मीठ आहे का, असं तुझ्या आईला विचारलं तर ती काय म्हणेल?"

"म्हणेल, जावयाला कुणालातरी दाखवून आणा."

तर्कटराव हे उत्तरही टिपून ठेवत.

एका सकाळी कंडक्टरने रुमालात गुंडाळलेली कवळी आणून दिली. तासाभरात दोन म्हातारे खिडकीशी हजर. एक ताडमाड निवृत्त मास्तर, दुसरे बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारे, जेमतेम खिडकीएवढे. दोघांच्याही तोंडावर हात.

"कवळी माझी!" मास्तर म्हणाले.

"माझी! संध्याकाळी वाजवायचंय मला. दातांशिवाय नुसती हवा निघते!"

तर्कटरावांचं जन्माचं सार्थक झालं. बायकोने बजावलं होतं, ऑफिसात तरी माणसासारखे वागा. पण ही संधी सोडणार कोण? रुमालाची गाठ न सोडता त्यांनी मास्तरांना विचारलं, "मी यांना विचारलं, कवळी कुणाची, तर हे काय सांगतील?"

"सांगतील, त्यांची."

हाच प्रश्न ट्रम्पेटवाल्यांना.

"हे सांगतील, यांची. आत्ताच सांगितलं की! बहिरे आहात का?"

तर्कटरावांनी कागदावर रकाने आखले, खोडले, पुन्हा आखले. मग घाम पुसत जाहीर केलं, "दोघेही खरं बोलतायत."

गलका ऐकून साहेब आले. "अहो, एका कवळीला दोन मालक कसे?"

"ते मला माहीत नाही साहेब. पण हिशोब बरोबर आहे."

त्यांनी गाठ सोडली. मास्तर उंच म्हणून वरची कवळी त्यांना दिली, ट्रम्पेटवाले बुटके म्हणून खालची त्यांना. साहेबांनी कपाळावर हात मारला. तेवढ्यात दोनदा 'टक्' असा आवाज झाला. दोन्ही कवळ्या चपखल बसल्या होत्या! झालं होतं असं, की सकाळी बसमध्ये दोघे म्हातारे शेवटच्या बाकावर शेजारी बसून जांभया देत होते. खड्ड्यात बस आपटली तेव्हा एकाचे वरचे दात पडले, दुसऱ्याचे खालचे. कंडक्टरने जोडी समजून एकत्र बांधले.

डेपोभर बोभाटा झाला. तर्कटरावांपुढे खोटं पचत नाही म्हणे! पुढच्याच आठवड्यात साहेबांच्या टेबलाची काच फुटली. तर्कटराव कागद घेऊन मेकॅनिकांकडे गेले, तर त्यांनी तोंड उघडायच्या आत तिघांनी हात जोडले, "मीच फोडली."

"अहो, पण त्या दिवशी तुम्ही तिघेही रजेवर होतात!"

"असू दे. पण प्रश्न नको."

तर्कटरावांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन नम्रपणे म्हणाले, "साहेब, तुम्हाला विचारायचं तेवढं राहिलंय."

साहेबांच्या बोटाला पट्टी होती. दुपारीच बदलीचा कागद निघाला, चौकशीच्या खिडकीवर. तिथे दिवसभर लोक विचारतात, "बस कधी येईल?" आणि तर्कटराव वरून आलेल्या हुकुमाप्रमाणे सांगतात, "ही काय, आलीच."

संध्याकाळी घरी आले की पाय धुवायच्या आधी ते बायकोला दोन-तीन खऱ्या गोष्टी सांगतात. काल जेवतानाही एक सांगितली, भाजी अळणी आहे. तिने मिठाची बरणी पुढे सरकवली.