सहा फुटी पलंग आणि सात फुटी बोट

पोटापाण्यासाठी मी बोटींची रुंदी लिहितो आणि आजवर एकाही बोटीत बसलेलो नाही.

चेन्नईत, शोळिंगनल्लूरच्या एका कंपनीत मी इंग्लंडमधल्या कालव्यांवरच्या बोटींची माहिती वेबसाइटवर भरतो. सात फुटांपर्यंतची ती नॅरोबोट, त्याहून रुंद ती वाइडबीम. कारण तिथल्या कालव्यांत चढ-उतारासाठी पाण्याचे दरवाजे असतात आणि जुने दरवाजे जेमतेम सात फुटांचे. ‘बोट घेण्याआधी वाटेतला सगळ्यात अरुंद दरवाजा मोजा’ हा सल्ला मी स्वतः लिहिलाय. (साहेबांनी शाबासकी दिली होती!)

माझे वडील, आबा, आयुष्यभर आमच्या तालुक्यात कालव्यावर पाटकरी होते. शेतांना पाणी सोडायचे. घरातला पहिला पदवीधर मी. नोकरी लागल्यावर त्यांनी फोनवर विचारलं, “म्हंजे कालव्यावरच की रे?”

“हो, पण इंग्लंडच्या. बोटी रुंदीप्रमाणे लावायच्या.”

“आपल्या कालव्यात म्हशी डुंबतात. त्या बी रुंदीप्रमाणं लावायच्या का?”

मी हसलो. फोन ठेवल्यावर खोली इतकी गप्प झाली, की मी पंख्याचा वेग उगाचच वाढवला.

आई-आबा पूर्वी एकदाच आले होते. चटईवर झोपून आईची कंबर धरली आणि तिसऱ्या दिवशी दोघं परत! या वेळी तिची अट होती, “झोप लागली तर महिनाभर राहीन. नाहीतर रविवारी गाडी.”

मग काय, मी पलंग करायला टाकला. सुताराने विचारलं, “सार, सुटा करू की एकसंध?” सुट्या पलंगाचे सांधे कुरकुरतात आणि आईची झोप सावध. “एकसंध!” मी ऐटीत म्हणालो. खोली तीनदा मोजली.

जिना मोजला नाही.

आई-आबा यायचे त्याच सकाळी पलंग आला. खालून दोन हमाल ढकलतायत, वरून मी ओढतोय, आणि जिन्याच्या वळणावर सहा फुटी पलंग असा अडकला की वर नाही, खाली नाही! हमाल म्हणाले, “टिफिन करून येतो, सार.” आणि गेले. वर मी, मध्ये पलंग, खाली जग.

तेवढ्यात रिक्षा थांबली. वर्षभराने आई दिसली, तीसुद्धा पलंगाच्या फळ्यांमधून.

“अगं बाई! बाळाला कोंडलंय कुणी?”

“कुणी नाही गं, मीच!” मी फळ्यांतून हात घातला, पण तो तिच्या डोक्यापर्यंतच पोचला. पायांऐवजी डोक्याला हात लावून नमस्कार करणारा मी पहिलाच मुलगा असेन.

आबांनी एका नजरेत वळण जोखलं. “लेका, इंग्लंडचे दरवाजे पाठ हैत न्हवं तुला?”

मी हात मागे घेऊन पलंग पुन्हा एकदा ओढून पाहिला.

आवाज ऐकून तळमजल्यावरच्या घरमालकीण मामी बाहेर आल्या. त्या तंजावरकडच्या मराठी. त्यांची मराठी आमच्याहून कितीतरी जुनी.

“अय्यय्यो, हें काय करून ठेवलांस रे? माझ्या हॉलांत घाला की. दोन फळ्यांचें दार आहे, घरांत मी एकली.”

हमाल परतले, पलंग मागे आला आणि मामींच्या हॉलमध्ये सरळ आत गेला! “दोन दिवस राहू दे, मग सुताराकडून सुटा करवून वर नेऊ,” मी म्हणालो.

पण पहिल्याच रात्री आईला गाढ झोप लागली. सकाळी मामींनी डिकॉक्शनची कॉफी दिली, दुपारी आईने भाकऱ्या थापल्या, आबांनी मामींचा पाण्याचा पंप दुरुस्त केला. पलंग हलवायचं नाव काढलं की तिघंही माझ्याकडे असे बघत, जणू मी घर फोडायला निघालोय.

राहिली की आई, चांगली महिनाभर! मी ऑफिसातून येऊन खालची बेल वाजवायचो. मामी दार उघडून म्हणायच्या, “बैस, आईला बोलावतें.” नऊ वाजले की तिघांना जांभया येत आणि मी वर माझ्या चटईवर.

निघताना आई म्हणाली, “पोंगलला मामींनी पुन्हा बोलावलंय.”

“आणि मला?”

“ये की तू पण! त्या काही नाही म्हणायच्या नाहीत.”

कालच पोंगलच्या रजेचा अर्ज दिलाय. कारण लिहिलंय: आई-वडिलांना भेटायला खालच्या मजल्यावर जात आहे.