मोठी खडी

रखमाला काँक्रीटच्या कामावर आणलं ते तिच्या धाकट्या भावानेच, भरतने. नवरा गेल्यावर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत ती चार शेळ्यांवर दिवस काढत होती. भरत तेव्हा नुकताच मुकादम झाला होता. "माझ्यासंगं चल गो बाय," म्हणाला, आणि ती गेली. वर्षानुवर्षं त्याच्या हाताखाली राबली. खडी चाळायचं काम तिचं. पायाला मोठी खडी चालते, कॉलमला बारीकच लागते, हे तिला त्यानेच शिकवलं. कॉलमात सळया दाट असतात. मोठा दगड त्यांच्यात अडकला की काँक्रीटचा माल खाली उतरत नाही, आत पोकळी राहते. मग तो कॉलम वरचा भार पेलणार कसा?

१९९८ साली त्यांच्याच वाडीतल्या शाळेच्या खोल्या बांधायचं काम भरतला मिळालं. रखमाला कोण आनंद! पाया झाला. कॉलम भरायच्या दिवशी सकाळीच भरत म्हणाला, "बाय, सारिकाला ताप भरलाय. बिरवाडीला जा, तिच्याजवळ रहा."

सारिका त्याची बायको. बिरवाडीत खोली घेऊन राहायची. रखमा धावतपळत पोचली, तर सारिका दारात तांदूळ निवडत बसलेली.

"मला कुठं ताप?" ती हसली.

रखमा तशीच स्टँडवर परत धावली. पण परतीची एसटी आता उद्याच होती.

दुसऱ्या दिवशी ती वाडीत आली तेव्हा कॉलमच्या साच्याच्या फळ्या निघाल्या होत्या. जागोजागी भोकं, त्यांतून मोठी खडी डोकावत होती. एके ठिकाणी तर सळई उघडी पडलेली. भरत थापीने भोकं बुजवत होता.

"बारीक खडी कुठं गेली रे?"

"महाडच्या कामावर धाडली. तिथला स्लॅब अडला होता. तू ओरडू नको. प्लास्टर चढलं की कुनाला दिसतंय?"

"याच्याखाली पोरं बसनार हायत, भरता!"

"काय पडत नाय."

रखमा तडक गावकीकडे गेली. महिपती गावकीचा अध्यक्ष. तो चार माणसं घेऊन आला. तिने बुजवलेल्या जागी हातोडी घातली. सिमेंटचा पापुद्रा निघाला आणि सुटी खडी भसाभसा खाली आली. सगळ्यांनी भरतकडे पाहिलं.

भरतने मान वर केली नाही. म्हणाला, "खडी चाळायचं काम बायचं. तिनंच मोठी खडी जाऊ दिली."

आपण त्या दिवशी बिरवाडीला होतो, हे रखमा सांगत राहिली, पण कुणाला पटेना. ज्याला कडेवर घेऊन वाढवलं तो हे बोलत होता, आणि माणसं माना हलवत होती. पाणवठ्यावर बायका तिला बघून गप्प व्हायला लागल्या.

ही गोष्ट बिरवाडीला कळली तशी सारिका स्वतःहून वर आली. भर गावकीत उभी राहिली. "त्या दिवशी बाय माझ्या घरी होती. माझ्या तापाचं खोटं सांगून यांनीच धाडलं तिला."

कॉलम फोडले. दुसऱ्या मुकादमाने ते बारीक खडीने नव्याने भरले आणि महिपतीने स्वतः येऊन रखमाला चाळायला बोलावलं. ती गेली.

भाऊबीजेला भरत आला. तिने पाट मांडला, ओवाळलं.

"मिटलं ना गो बाय?" त्याने विचारलं.

"जेव आधी," ती म्हणाली, आणि त्याला वाढून मागच्या दारी शेळ्यांना पाला घालायला गेली.