चार दिशांचा त्रिकोण
शिक्क्याची डबी उघडली की तांबड्या शाईचा तेलकट वास येतो आणि योकोहामातलं ते ऑफिस आठवतं. नव्वदच्या दशकात नवऱ्याच्या नोकरीपायी जपानला आलेली मी तिथे अर्धवेळ काम करायचे. कॅनडातल्या आदिवासींची लिपी कॉम्प्युटरवर यायची होती. प्रत्येक अक्षराला एक नंबर, आणि तक्ता तपासून मी सहीऐवजी माझ्या नावाचा शिक्का मारायचा. एका ओळीत एकच त्रिकोण चारदा दिसला, चार दिशांना तोंड करून. स्वर म्हणजे काना-मात्रा, एवढंच माझ्या डोक्यात. वाटलं, छपाईत फिरलाय. पेन्सिलीने तीन खोडले, शिक्का मारला, कागद साहेबांच्या ट्रेमध्ये ठेवला. जेवताना तक्त्यासोबतची पुस्तिका चाळली, तर त्यात होतं: टोक खाली म्हणजे पे, वर म्हणजे पी, उजवीकडे पो, डावीकडे पा. दिशा हाच स्वर होता! आणि तक्ता दुपारीच फॅक्सने कॅनडाला जाणार होता. धावत गेले तर ट्रे रिकामा. तेवढ्यात साहेबांनी हाक मारली. तक्ता त्यांच्या हातात होता. "तुमचा शिक्का उलटा आहे," ते हळूच म्हणाले. "आमच्याकडे याचा अर्थ, मारावा लागला, पण मान्य नाही. म्हणून पाठवला नाही. तुमची काही हरकत आहे का?" शिक्का नुसता घाईत उलटा पडला होता. "आहे," मी म्हणाले, "माझ्याच कामावर." ते हसले नाहीत, खोडरबर पुढे केलं. आता शिक्का कुठे लागत नाही, तरी डबी उघडली की बोट आपोआप त्याची वरची बाजू दाखवणारी खाच चाचपतं, आणि अजून धस्स होतं: त्या दिवशी तो सरळ पडला असता तर?