पिस्तुलाला लावलेली चिंच

हसणार असाल तर हातातला चहा आधी खाली ठेवा. हा किस्सा ऐकताना माझ्या बहिणीच्या नाकातून चहा आला होता, आणि त्याचाही ठपका माझ्यावरच आला.

लग्न होऊन मी अकोल्याहून अमरावतीला आले, त्याला तेव्हा पाच महिने झाले होते. नव्या सुनेनं काय करायचं असतं? बोलायचं कमी, दिसायचं जास्त. कामात दिसायचं हो! पहिली गोष्ट मला जन्मापासून जमते. सगळा घोळ झाला तो दुसरीपायी.

आमच्या घरात माणसं चार. सासूबाई, माझा नवरा नीलेश, मी आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे. पण येणारा पाहुणा चौकशी करतो ती पाचव्याची. मामाजींच्या आजोबांचं विलायती पिस्तूल! रीतसर परवान्याचं, लोखंडी कपाटात कुलपाआड राहणारं. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप जागेवर येते, आपण फक्त पुन्हा चाप ओढायचा. तशी पिस्तुलं आता बघायलाही मिळत नाहीत म्हणे.

पण मामाजींचा खरा अभिमान वेगळाच. त्या पिस्तुलाचा रंग! काळा, उन्हात धरला तर किंचित निळा. कारखान्यातून निघाला तसाच.

"ओरिजिनल!" मामाजी म्हणायचे, आणि म्हणताना मिशीवरून हात फिरवायचे.

अकोल्याला त्यांचे एक मित्र आहेत, गुलाबराव काका. त्यांच्याकडेही अस्संच पिस्तूल आहे, पण त्यांनी ते कधीतरी नव्यानं रंगवून घेतलं. झालं! दरवर्षी दसऱ्याला दोघं गावाबाहेरच्या रायफल क्लबात भेटतात, पाच-पाच गोळ्या झाडतात, आणि मामाजी त्यांना तेच ऐकवतात, "गुलाबराव, तुमचं पिस्तूल म्हंजे ब्यूटी पार्लरातून आलेली नवरदेवाची मावशी!"

तर, खंडेनवमीची सकाळ. आमच्याकडे या दिवशी शस्त्राची पूजा असते. मामाजींनी पिस्तूल काढलं, रिकामं असल्याची दोनदा खात्री केली, गोळ्या आणि त्या भरायचं मॅगझिन परत कपाटात बंद केलं आणि पिस्तूल माझ्या हातात दिलं.

"बेटा, पूजेले मांडाचं हाय. जरा पुसून ठेव."

आणि गेले आंघोळीला.

पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मला त्या पिस्तुलाला हात लावू दिला होता! नीलेशला अजून देत नव्हते. माझी छाती कशी फुलली असेल, सांगा.

सासूबाई अंगणात समया, ताम्हण, घंटा घासत होत्या. मी शेजारी बसले. फडकं फिरवलं. काळं जाईना. जोर लावला. जाईना. मनात म्हटलं, काय ही काजळी! पुरुषांच्या ताब्यातली वस्तू, दुसरं काय होणार? समोर चिंचेचा कोळ होता, मीठ होतं, तारेची घासणी होती.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. मला कळलं नाही.

दोन मिनिटांत काळ्याखालून लख्ख पांढरं पोलाद निघालं! मला तर गुप्तधन सापडल्यासारखं झालं. एक बाजू उजळली, मग दुसरी तशीच कशी ठेवणार? मी कोपऱ्या-कोपऱ्यातून घासलं. फटी राहिल्या होत्या, त्या जुन्या टूथब्रशनं काढल्या.

"बाप्पा!" सासूबाई म्हणाल्या. "कसं चांदीवानी झालं व! इतक्या वर्षांत कोणाले सुचलं नाही पाय." त्यांनी फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'सूनबाईच्या हातचं.' वीसेक अंगठे आले.

मामाजी सोवळं नेसून आले. पाटावर पिस्तूल पाहिलं आणि जागीच थांबले. नुसते बघत राहिले. हळूहळू त्यांचे डोळे भरून आले.

आता मला सांगा, कोणत्या सुनेला कधी अशी पावती मिळाली असेल? मी एरवी त्यांच्यासमोर तोंड उघडत नाही, पण त्या दिवशी धीर आला.

"मामाजी, आता दरवर्षी मीच करत जाईन."

"नको बेटा," ते खोल आवाजात म्हणाले. "एकदाच्यानं झालं सगळं."

दुपारी नीलेश आला. मी कौतुकानं ग्रुपवरचा फोटो दाखवला. तो मटकन बसला.

"अवं, थे रंग होता!"

"मले वाटलं काजळी."

"पिस्तुलाले काजळी? थे काय कंदील हाय?"

"मंग मामाजी काहून काही बोलले नाहीत?"

"नवी सून हाय म्हणून! मी घासलं असतं, तर त्यायनं मलेच पाटावर मांडलं असतं. आन उद्या क्लबात गुलाबराव काका येऊन राहिले. आता पाय, थे बाबाले जितं ठेवते का!"

मामाजी त्या दिवशी जेवले नाहीत. उपास आहे म्हणाले. कसला उपास? पुरणपोळी होती.

घरची रीत अशी की पूजेला मांडलेलं शस्त्र दसऱ्याच्या सकाळीच उठवायचं. रात्रभर देवघराला कुलूप. सकाळी मामाजींनी कुलूप उघडलं, फुलं वाहिली आणि "उठवून डब्यात ठेव" असं मलाच सांगून व्हरांड्यात जाऊन बसले. त्यांना बघवत नव्हतं ते.

आणि तिथेच माझी बुद्धी चालली. न चालती तर बरं होतं.

मामाजींची मिशी पाहिली नाहीत तुम्ही. वय पासष्ट, मिशी कोळशासारखी. कुणी विचारलं की म्हणतात, "घराण्याचं रक्त हाय!" न्हाणीघरातल्या आरशामागचं कपाट पुसताना मला त्या रक्ताची पाकिटं सापडली होती. नैसर्गिक काळा, मेंदीयुक्त, सोबत ब्रश मोफत. मी ते कुणाला, अगदी नीलेशलाही बोलले नव्हते.

मी एक पाकीट वाटीत कालवलं. पिस्तुलाला बाहेरून झकास हात दिला, पंख्याखाली वाळवलं, वरून खोबरेल तेलाचं बोट. काय दिसत होतं म्हणता! काळंभोर. उन्हात निळं नव्हतं दिसत, पण एवढं कोण बघतंय? डबा बंद केला आणि मामाजींच्या हातात दिला.

क्लबात आम्ही सगळेच गेलो. गुलाबराव काका आधीच येऊन उभे.

"काढा बाप्पा नानाभाऊ, तुमचं ओरिजिनल!"

मामाजींनी डबा असा उघडला, जसा नापास होणारा पोरगा निकाल उघडतो. आणि त्यांचा चेहरा! पिस्तुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत पिस्तुलाकडे. मी गवताकडे पाहिलं. काही न विचारता त्यांनी गोळ्या भरल्या, निशाणासमोर उभे राहिले आणि धाड, धाड, धाड, धाड, धाड! पाचही गोळ्या मधल्या काळ्या गोलात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी छाती पुन्हा फुलली. मी शिकत नाही हो.

दसऱ्याचं ऊन, भर दुपार. मामाजींनी पिस्तूल रिकामं करून गुलाबरावांना दिलं आणि ऐटीत कपाळाचा घाम पुसला. कपाळावर चार काळी बोटं उमटली.

गुलाबरावांनी पिस्तूल उलटं केलं, सुलटं केलं. मग स्वतःचे हात पाहिले. तेही काळे. मग पिस्तूल नाकाशी नेलं.

"नानाभाऊ, याले मेंदीचा वास काहून येऊन राहिला?"

त्यांनी रुमाल काढून एकदा पुसलं. आतून चांदी चमकली.

"हे कोणी केलं?"

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. एक श्वास घेतला. मग म्हणाले, "मीनंच केलं. घासू-घासू बिघडवलं, आन तुमी हसान म्हणून वरून रंगवलं. हसा आता."

आणि गुलाबराव हसले. असे हसले की खुर्ची धरावी लागली. "नवरदेवाची मावशी! नानाभाऊ, आता कोण नवरदेवाची मावशी?" मामाजी खाली मान घालून उभे.

माझ्याच्यानं बघवेना. माझ्यासाठी या माणसानं स्वतःचं नाक कापून घेतलं होतं! मी पुढे झाले.

"काका, मामाजीनं नाही, मी केलं. चिंचेनं घासलं मी, आन रंगवलं बी मीच."

गुलाबराव हसायचे थांबले. कुणीतरी म्हणालं, "वा पोरी!" मामाजींनी वर पाहिलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पायलं गुलाबराव? पिस्तूल गेलं त गेलं, सून खरी भेटली मले." सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला.

इथे थांबले असते, तर हा किस्साच झाला नसता.

गुलाबराव काका मायेनं म्हणाले, "खरं बोलाले हिंमत लागते बेटा. पण रंग मस्त जमवला तू. आनला कुठून?"

खरं बोलायची मला आता गोडी लागली होती.

"मामाजींच्या मिशीचा आहे," मी म्हणाले. "घरात चिक्कार पाकिटं आहेत."

पिस्तुलावरची सगळ्यांची नजर सावकाश वर सरकली आणि मामाजींच्या नाकाखाली येऊन थांबली. डोक्यावरचा हात निघाला, तो मला कळला.

मामाजींनी घरी आल्यावर सांगितलं एवढंच, की पिस्तूल कपाटात ठेवून घे, किल्ली तुझ्याजवळच राहू दे. पिस्तुलाचं आता काय बिघडायचं उरलं होतं? मग ते स्वतः बाजारात गेले, एक नवं कुलूप आणलं आणि आरशामागच्या कपाटाला लावलं.