तेल लावलेला हात

कॉलेजच्या सुट्टीत दक्षा एका कारखान्यात कामाला गेली आणि प्रेस मशीनखाली तिच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली. उरली ती करंगळी आणि अंगठा. पुढे ती कोडिंग शिकली, वापीतल्या एका छोट्या कंपनीत लागली. राहायची डहाणूला, बरंचसं काम खोलीवरूनच.

साध्या कीबोर्डवर तिची अडचण व्हायची. दोन-तीन कळा एकदम धरायचे शॉर्टकट डाव्या हाताला जमत नसत. म्हणून तिने स्वतःच्या पगारातून एक छोटा मॅक्रो कीबोर्ड घेतला. त्यातल्या कुठल्या कळेने काय करायचं ते आपणच ठरवायचं. अंगठ्याखालच्या कळेवर तिने कोडमधल्या फंक्शनचा नेहमीचा अख्खा सांगाडा बसवला, करंगळीच्या कळेवर कोड चालवून बघणं. मोठ्या कीबोर्डवरची सारखी लागणारी अक्षरंही उजवीकडे आणली. सुरुवातीला चुका फार झाल्या, मग हात बसला. ऑफिसात कुणी विचारलं तर ती कळांची मांडणी समजावून सांगायची, हात मात्र पुढे करायची नाही.

कंपनीचे मालक मनिषसर यांना जाहिरातीसाठी तिचा व्हिडिओ हवा होता. कीबोर्डबद्दल बोलायचंय असं समजून ती हो म्हणाली. शूटिंग डहाणूत नको, तलासरीला तुझ्या आई-बाबांच्या घरीच करू, असा त्यांनी हट्ट धरला. आई पुतळीने अंगण सारवून ठेवलं.

कॅमेरावाल्याने आधी साधा कीबोर्ड पुढ्यात ठेवला आणि जमत नाही असं दाखवायला सांगितलं. मग सर येऊन तिला मॅक्रो कीबोर्ड भेट देणार. तिचाच कीबोर्ड, खोक्यात घालून. तिला कसंतरीच झालं, पण आई-बाबांसमोर वाद नको म्हणून तिने दोनदा तसं केलं. मग त्याने आईकडून खोबरेल मागून आणलं आणि न विचारता तिच्या तुटक्या बोटांवर चोळलं. व्रण चमकायला हवा होता. आईला म्हणाला, मुलीकडे बघून जरा डोळे पुसा. पुतळीने गोंधळून पदर डोळ्यांना लावला.

आईचा तो पदर बघताच दक्षा उठून मोरीवर गेली, हात साबणाने घासघासून धुतला.

"दक्षा, दोन मिनिटांचं काम आहे. लोकांच्या काळजाला भिडायला पाहिजे," मनिषसर म्हणाले.

"सर, हे मी करणार नाही. आईलाही करू देणार नाही."

ते निघून गेले. आठवड्याने व्हिडिओ नेटवर आला, त्या दोन वेळच्या शूटिंगमधूनच जोडलेला. शेवटी आईचा पदर. खाली कमेंटमध्ये शेकडो लोकांनी हात जोडले होते. काढा म्हणून तिने फोन केला. त्यावरून दोन मोठी कामं मिळालीत, असं सर समाधानाने म्हणाले.

तिने नोकरी सोडली. आता पुण्यातल्या एका कंपनीचं काम करते, मीटिंगला कॅमेरा बंद ठेवते. व्हिडिओ अजून आहे. घोलवडची मावशी तो आल्यागेल्याला कौतुकाने दाखवते, आणि दक्षाने मावशीकडे जाणंच टाकलंय.